खंडेनवमीची खुर्ची

"डोळे मिट, अक्का. मी म्हणेपर्यंत उघडायचे नाहीत," भरतेश म्हणाला.

मी मिटले. धाकटा भाऊ एवढ्यावर खूश होत असेल तर आपलं काय जातं? त्यानं माझी चाकाची खुर्ची ढकलत अंगणात नेली. झेंडूचा वास आला, उदबत्तीचा आला, नारळ फोडल्याचा ओला वास आला. कधी नव्हे ते माणसांच्या नव्या कपड्यांची सळसळही ऐकू आली.

इचलकरंजीत आमच्या गल्लीत हे ऐकू येणं म्हणजे नवलच. घराला लागूनच कारखाना, कारखान्याला लागून दुसऱ्याचं घर, त्याला लागून त्याचा कारखाना. दिवसरात्र मागांची खडखड. प्रेमाचं बोलायचं तरी ओरडून बोलावं लागतं. फक्त खंडेनवमीला माग पुजून बंद ठेवतात. त्या दिवशी कुणी कुठल्या हत्याराला, यंत्राला कामाला लावत नाही आणि गल्लीला एकमेकांच्या घरातलं सगळं ऐकू येतं.

"उघड आता."

उघडले. समोर, कारखान्याच्या उघड्या दारापुढं, मागांच्या ओळीतच मांडल्यासारखी एक खुर्ची. स्टीलच्या जाड पाइपची, उंच पाठीची, कमरेला पट्टा असलेली, दोन्ही बाजूंना गलेलठ्ठ हात. गळ्यात झेंडूचा हार, पाठीवर हळदीकुंकवाची बोटं. आणि कुंकवाच्या वर कोरलेलं: 'अक्कास सप्रेम भेट. भरतेश व सौ. सुवर्णा.'

आमच्याकडे तांब्या दिला तरी त्यावर नाव घालून देतात, त्यामुळे नावाचं मला काही वाटलं नाही. पण न्हाणीघरात बसून अंगावर पाणी घ्यायच्या खुर्चीला हार मी पहिल्यांदाच बघत होते.

"शोरूममध्ये मिळणार नाही अशी," भरतेश म्हणाला. "आपले माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरकडून स्वतः उभं राहून करून घेतलीय. हत्ती बसला तरी हलायची नाही."

"हत्तीला कोण अंघोळ घालतंय इथं?" मी म्हटलं. कामगार हसले.

आप्पामामा, म्हणजे आईचे थोरले भाऊ, पूजेला सकाळपासून येऊन बसले होते. बसायला मिळालं की त्यांना बोलायलाही लागतं. ते म्हणाले, "भाऊ असावा तर असा. नाहीतर आजकाल सख्ख्या बहिणीला कोण विचारतंय? रोज सकाळी हिला दोन्ही हातांवर उचलून न्हाणीत नेतोय पोरगा. मी गावभर सांगतोय."

ते गावभर सांगायचे हे खरं होतं. भरतेशही सांगायचा.

अपघाताआधी मी एका पतसंस्थेत कर्जाच्या टेबलावर बसायचे. त्या टेबलाची एक खोड लागते. समोरचा काय घेऊन आलाय हे नंतर, काय घेऊन जाणार आहे हे आधी बघायचं. स्कूटरवरून पडून कंबरेखालचं अंग गेलं, नोकरी गेली, खोड तेवढी राहिली. त्यामुळे घरात कोण माझ्यासाठी काय करतं आणि त्याचं त्याला काय मिळतं, हे मला न मागता दिसायचं. भरतेशला मिळायची ती शाबासकी. कारखान्यात व्यापारी आला, घरी पाहुणा आला, की चहाच्या दुसऱ्या घोटाला वाक्य यायचंच: "सकाळी जरा उशीर होतो बघा. अक्काला उचलायला लागतं." समोरचा हळहळायचा. भरतेश मान खाली घालायचा. मला त्याचा राग नव्हता. राब राब राबणाऱ्या माणसाला कुठून तरी कौतुक मिळायला नको?

पण उचलताना तो श्वास रोखायचा, डोळे मिटायचा आणि तोंड भिंतीकडे फिरवायचा. सुताचं पोतं उचलतानासुद्धा माणूस पोत्याकडे बघतो. मी साडीत असायचे, सगळं झाकलेलं असायचं, तरीही. आतल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मला टेकवून तो जवळजवळ पळत बाहेर जायचा. मग सुवर्णा, माझी भावजय, आत यायची, अंगावर पाणी घालायची, पुसायची, कपडे बदलायची. आणि शेवटी परत भरतेशला हाक. तोवर मी तिथं ओल्या केसांनी बसून राहायचे.

हे सगळं संपावं म्हणून तर मी खुर्ची मागितली होती.

मिरजेच्या इस्पितळात एका बाईंनी मला शिकवलं होतं. चाकाच्या खुर्चीचे ब्रेक लावायचे, दुसरं आसन शेजारी खेटून घ्यायचं, दोहोंच्या मध्ये एक गुळगुळीत फळी टाकायची आणि हातांच्या जोरावर सरकत पलीकडे जायचं. अट एवढीच की दोन्ही आसनं एका उंचीची हवीत आणि मधल्या बाजूला खुर्चीला हात नको. आमच्या न्हाणीघराचं दार अपघातानंतर रुंद करून घेतलेलंच होतं. म्हणजे एक साधी, बुटकी, उजव्या बाजूनं उघडी खुर्ची मिळाली की मी आत जाऊन दार लावून घेणार होते. एकटी.

आता हे भरतेशला सरळ का सांगितलं नाही, असं कुणी विचारेल. आमच्या घरात न्हाणीघराचं बोलणं बायकांनी पुरुषांशी करायचं नसे. नळ गळत असला तरी आधी आईला सांगायचं, मग आई भरतेशला सांगणार. तसं मी आईला सांगितलं. हातानं उंची दाखवून सांगितलं. "उजवीकडे हात नको. उंची माझ्या या खुर्चीएवढीच." आईनं ते माझ्यापुढं म्हणूनही दाखवलं होतं.

आणि समोर हे सिंहासन.

"बसून बघ की," भरतेश वाकला. हात पुढे आले, श्वास रोखला गेला, तोंड भिंतीकडे वळलं.

"थांब," मी म्हटलं. "मला उचलू नकोस."

"म्हणजे?"

"म्हणजे उचलू नकोस. बाजूला हो."

अंगणात कारखान्याच्या भिंतीला लागून दगडी कट्टा आहे, कामगार डबा खायला बसतात तो. मी खुर्ची त्याला खेटून लावली. ब्रेक ओढले, खुर्चीचा उजवा हात वर उचलून मागे टाकला, पिशवीतली फळी काढून मध्ये ठेवली. घरच्यांनी ती फळी पाहिली होती, पण पोळपाटाला जेवढं महत्त्व देतात तेवढंच दिलं होतं. मी तळवे रोवले आणि सरकले. एकदा, परत एकदा. मग पाय हातांनी उचलून घेतले. कट्ट्यावर बसले आणि पदर नीट केला.

माझा भाऊ माझ्याकडे बघत होता. अपघातानंतर पहिल्यांदाच मी हलत असताना तो माझ्याकडे बघत होता.

"आता तू माझ्या खुर्चीत बस," मी त्याला म्हटलं.

"अक्का, पूजा आहे."

"पूजा झालीय. नारळ फुटलाय. बस. आणि पाय नाहीत असं समज. मांडीपासून खाली काहीच नाही. तिथून या तुझ्या सिंहासनावर जाऊन दाखव."

"दाखवा की मालक!" मागून कुणीतरी म्हणालं.

मालकाची लाज राखायची म्हणून भरतेशनं माझी खुर्ची सिंहासनाला खेटून लावली आणि ब्रेक न ओढताच हसत हसत बसला. फळी टाकली. फळीचं एक टोक माझ्या खुर्चीवर, दुसरं वर चढून नव्या खुर्चीच्या जाड हाताला अडलेलं. त्यानं तळवे रोवले, अंग उचललं, उजवी मांडी त्या हातावर चढवली आणि तिथंच राहिला. पुढं जाता येईना, मागं येता येईना. डावा पाय आपोआप जमिनीला लागला.

"पाय टेकला!" मी ओरडले. "फाऊल!"

अंगण हसायला लागलं. सुवर्णानं तोंडाला पदर लावला. आप्पामामांनी "अरे अरे" करत हार सावरला. भरतेशनं आणखी एकदा जोर लावला, तशी माझी खुर्ची मागे सरकली आणि तो दोन खुर्च्यांच्या मध्ये झोक्यासारखा लोंबकळला. दोघा कामगारांनी त्याला काखेत धरून काढला.

"आता समजलं?" मी विचारलं. "एकतर हत्ती बसला पाहिजे, नाहीतर दोन माणसं उचलायला पाहिजेत."

तो लाल झाला होता. "चेष्टा पुरे झाली, अक्का. मी आहे ना उचलायला? रोज उचलतोय. एक दिवस तरी नाही म्हटलंय का? तुला मी जड झालो का?"

"तू नाही. उचलणं जड झालंय."

"मला?"

"मला."

शेजारच्या कारखान्याच्या खिडकीत दोन डोकी आली होती. माग बंद होते. गल्लीभर ऐकू जात होतं, आणि मला थांबायचं नव्हतं.

"मी सांगितलं होतं, उजव्या बाजूला हात नको म्हणून. उंची एवढीच पाहिजे म्हणून. सांगितलं ते सोडून तू हे काय करून आणलंस?"

"कुणाला सांगितलं होतंस?" भरतेशही आता ओरडला. "मला आई म्हणाली, दोन्ही बाजूंना हात पाहिजेत, चांगले जाड. उंची पण जरा वाढवूनच घे म्हणाली. मी तर एका बाजूचा उघडणारा करणार होतो! जॉबरला विचार!"

आई स्वयंपाकघराच्या दारात पेढ्यांचं ताट घेऊन उभी होती. तिनं ताट सुवर्णाच्या हातात दिलं आणि आत गेली.

सुवर्णानं पेढे वाटले. लोकांनी पेढे खाल्ले. आप्पामामा म्हणाले, "असू दे, ऐकण्यासांगण्यात इकडचं तिकडं होतंच," आणि दुसरा पेढा घेतला.

जेवणं झाली, भरतेश माडीवर जाऊन झोपला, तेव्हा मी आईजवळ गेले. ती पूजेची समई चिंचेनं घासत बसली होती. समई चकचकीत झाली होती, तरी घासत होती.

"आई, इकडचं तिकडं झालं नाही. तू मला म्हणून दाखवलं होतंस."

"हं."

"मग?"

"पडशील म्हणून वाटलं."

"खोटं."

तिनं समई ठेवली. चिंचेचे हात तसेच मांडीवर ठेवले. "खोटं तर खोटं. त्यानं यड्रावच्या बाजूला प्लॉट घेतलाय, तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे."

"बंगला बांधून होत आलाय. सुवर्णा पडद्यांचं कापड बघून आलीय. मला कुणी सांगितलं नाही, पण मला डोळे आहेत." ती खाली बघत बोलत होती. "गेल्या वर्षीच जाणार होता. तुझा अपघात झाला आणि थांबला. का थांबला? सकाळी तुला उचलायचं असतं म्हणून. त्यासाठी माडीवरून खाली येतो. येतो तो माझ्या हातचा चहा घेतो, दोन शब्द बोलतो. तू स्वतः न्हायला लागलीस की तो मोकळा."

"म्हणजे मी खुंटा."

"काय?"

"जनावर बांधायचा खुंटा. मी जमिनीत पक्की ठोकलेली, आणि तुझा मुलगा मला बांधलेला."

"तसं नाही गं."

"तसंच आहे. मी मिरजेहून शिकून आले, तुला करून दाखवलं, तुझ्या डोळ्यात पाणी आलं. मला वाटलं आनंदाचं. तेव्हापासून तू हिशेब करत होतीस?"

आईनं तोंड वर केलं. ती रडत नव्हती. भांडायच्या तयारीत होती. "होय, करत होते. तुला काय, तुझी अंघोळ झाली की तुझं झालं. जाणारा मुलगा माझा आहे. पाणी तर मिळतंय ना अंगावर? सुवर्णा कुरकुर करते का? कोण वाईट बोलतंय तुला? लोकांच्या घरात एवढंही कुणी विचारत नाही."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मला पाणी मिळत होतं. कुणी वाईट बोलत नव्हतं. आणि आईची भीतीही खोटी नव्हती. तिच्या जागी मी असते तर मीही कदाचित तेच केलं असतं, अधिक सफाईनं केलं असतं. पण मी तिच्या जागी नव्हते. मी ओल्या केसांनी बसून हाकेची वाट बघणारी होते.

"त्याला ठेवायचं तर तू ठेव," मी म्हटलं. "राहा म्हण. रडून सांग, रागावून सांग. माझ्या अंगावरून नको."

"मी म्हटलं तर राहील होय तो?"

"नसेल राहायचा, तर मग मला उचलतोय म्हणून राहिला, हे काय राहणं झालं?"

तिनं समई परत हातात घेतली. मी खुर्ची वळवली आणि जिन्याखाली जाऊन हाक मारली. "भरतेश! खाली ये. ग्राइंडर काढ."

तो डोळे चोळत आला. "कशाला?"

"उजवा हात कापायचा. आणि चारी पाय खालून. मी माप देते. मीच देते, मध्ये कुणी नाही."

"आज?"

"आज."

"अक्का, डोकं फिरलंय का तुझं? खंडेनवमी आहे. हत्यारं पुजलीत. दसऱ्याला करू, परवा करू."

"परवा तू सूत आणायला जाशील, मग पौर्णिमा येईल, मग दिवाळीची गडबड. उद्या सकाळी मला परत उचलायला येशील ना? मी येणार नाही. तशीच बसून राहीन, दसऱ्याची बिनअंघोळीची. मग सांग आप्पामामांना."

आई आतून आली. "आज हत्यार चालवायचं नाही या घरात. तुझे वडील गेले त्या वर्षीसुद्धा आपण मोडलं नाही."

"खुर्चीची पूजा केली तेव्हा मला कुणी विचारलं नाही," मी म्हटलं. "आता तिची चिरफाड मी करतेय."

भरतेश कधी तिच्याकडे बघत होता, कधी माझ्याकडे. असा अडकला की तो बायकोकडे बघतो. सुवर्णा तिथं नव्हती. ती कारखान्यातून आली, हातात वायरची भलीमोठी गुंडाळी घेऊन. एक टोक आतल्या बोर्डात लावून, वायर सोडत सोडत अंगणापर्यंत आली आणि दुसरं टोक नवऱ्यापुढं धरलं.

"घ्या," ती म्हणाली. "वन्सं माप देते म्हणतात तर कापा."

सुवर्णाला काय मिळणार होतं हे मला दिसत होतं. सकाळची मोकळीक मिळणार होती, बंगला मिळणार होता, पडदे मिळणार होते. मिळू देत. फायदा दोघींचा होता म्हणून वायर काही कमी लांब झाली नाही. आणि एवढे महिने माझी पाठ चोळताना तिनं कधी पाण्याची घाई केली नव्हती. तेही मी हिशेबात धरलं होतं.

"आईनं तसं का सांगितलं?" भरतेशनं ग्राइंडर हातात घेऊन हळूच मला विचारलं.

आई ऐकत होती.

"मी पडेन म्हणून घाबरली," मी म्हटलं.

"मग पडलीस तर?"

"स्कूटरवरून पडले तेव्हा काय खुर्चीला हात नव्हते म्हणून पडले?"

त्यानं मान हलवली आणि बटण दाबलं.

सगळी गल्ली गप्प असताना तो आवाज जो निघाला! शेजारचे बाहेर आले. समोरचे सावंत गॅलरीतून "अहो, आज?" असं ओरडले. ठिणग्या झेंडूच्या हारावर उडत होत्या, हार काढायचं कुणालाच सुचलं नव्हतं. हात तुटून फरशीवर पडला तसा भरतेश दचकला. मग मी पायांची मापं दिली. तो खडूनं खुणा करत गेला, "एवढं? अजून?" विचारत गेला. न्हाणीघराविषयी आम्ही भावाबहिणीनं एकमेकांशी केलेलं ते पहिलंच बोलणं. कडा घासून झाल्यावर त्यानं त्यांवर बोट फिरवून पाहिलं, मग स्वतःचाच तळवा फिरवला, मग पुन्हा घासलं.

दसऱ्याला मी एकटीनं अंघोळ केली. किती वेळ लागला विचारू नका, बाहेर तिघांनी तीन वेळा दार वाजवलं. सोन्याची पानं द्यायला आलेल्या पाहुण्यांनी भरतेशला सवयीनं विचारलं, "झालं का आज अक्कांना उचलून?" तर तो म्हणाला, "आता नाही उचलत." त्याचे हात नुसतेच मांडीवर पडले होते. मला वाईट वाटलं, पण खुर्ची परत सांधून द्यावी एवढं नाही.

दिवाळीनंतर ते बंगल्यात राहायला गेले.

आईचा हिशेब आण्याआण्याला बरोबर निघाला. "आई, तुम्ही दोघी पण चला" असं भरतेश म्हणाला होता, मनापासून म्हणाला होता. पण तिथलं न्हाणीघर माडीवर होतं, आणि मला पुन्हा कुणाच्या हातावर चढायचं नव्हतं. मी नाही म्हटलं. मी नाही म्हटल्यावर आईनं नाही म्हटलं. टेम्पो भरला, सुवर्णा माझ्या पाया पडली, भरतेशनं कारखान्याच्या वेळेला रोज डोकावून जाईन म्हणून सांगितलं. आधी रोज डोकावला, मग एक दिवसाआड, मग बाजाराच्या दिवशी. या सगळ्याला आता बरीच वर्षं झाली. अजून बाजाराच्या दिवशी येतो, समोर बसून चहा पितो, कुठल्या व्यापाऱ्यानं किती फसवलं ते माझ्याकडे बघून सांगतो.

पण ते गेल्यानंतरच्या पहिल्या सकाळी हे काही ठाऊक नव्हतं. माडी रिकामी होती. आई रात्रीपासून माझ्याशी बोलली नव्हती. मी न्हाणीघरात गेले, कडी लावली, ब्रेक लावले, फळी टाकली, सरकले. बंबातलं पाणी सोडलं. तेवढ्यात बाहेर पाट सरकवल्याचा आवाज आला. आई दाराला पाठ लावून बसली होती.

"गेला," ती म्हणाली.

"हो."

"मिळालं तुला हवं ते?"

"मिळालं."

शेजारचे माग सुरू व्हायचे होते, त्यामुळे तिचा श्वास ऐकू येत होता.

"आता आत पडलीस तर?"

"हाक मारीन."

"कुणाला? आहे कोण घरात?"

"तू आहेस."

"मला कुठं उचलवतंय तुला."

"मग पडणार नाही," मी म्हटलं, आणि डोक्यावर पाणी ओतून घेतलं.